महिन्याचा किराणा आणि घडियाळी पोळ

वडोद्याच्या जुन्या शहराच्या मधोमध मांडवी आहे. मांडवी म्हणजे मूळची माल उतरवून जकात घेण्याची जागा. तिथून चार दिशांना चार रस्ते फुटतात आणि त्यांच्या टोकांना लहेरीपुरा, पाणीगेट, चांपानेर आणि गेंडी असे चार दरवाजे. या मांडवीला लागून जी जुनी वस्ती आहे तिचे नाव घडियाळी पोळ. पोळ म्हणजे भिंतीला भिंत लावून उभ्या असलेल्या घरांची अरुंद गल्ली. आपल्या कानाला 'आम्ही पोळीत राहतो' हे वाक्य जरा मजेशीर वाटते, कारण आपल्या डोळ्यांसमोर ताटातली पोळी येते. पण आजचा विषय पाहता ही गल्लत वाईट नाही. पोळीत राहणाऱ्यांच्या ताटात पोळी कशी येत होती, हाच आजचा विषय आहे.

घडियाळी पोळीचे नाव इतिहासात येते ते हरिभक्तींच्या वाड्यामुळे. हरी आणि भक्ती या दोन भावांच्या नावाने चाललेली ही पेढी गायकवाडांची सावकार होती. १८०२ साली वडोद्यात अरब शिपायांची फौज पगार थकला म्हणून दरबाराच्या उरावर बसली, तेव्हा त्यांचा हिशेब चुकता करून त्यांना बाहेर काढण्यासाठी जी प्रचंड रक्कम लागली तिचा मोठा भाग शहरातल्या सराफांनी उभा केला आणि ईस्ट इंडिया कंपनीने त्या कर्जाला हमी दिली. हरिभक्ती त्या सराफांपैकी एक. म्हणजे या पोळीतून आख्ख्या संस्थानाला उसने पैसे जात होते! कोरीव लाकडाचे खांब, नक्षीच्या तुळया, चौक, माड्या हे सगळे त्या वैभवाचे अवशेष. वडोद्यावर लिहिणारे लोक त्याचे वर्णन करतातच, त्यामुळे मी ते इथे करत नाही.

मला कुतूहल आहे ते अशा वाड्यांच्या आसपास भाड्याच्या दोन खोल्यांत राहणाऱ्यांचे. गायकवाडांच्या राज्याबरोबर कोकणातून, देशावरून, सातारा-पुण्याकडून कितीतरी मराठी कुटुंबे वडोद्याला गेली. सगळेच काही सरदार आणि दिवाण नव्हते. बहुतेक जण कारकून, शिक्षक, फडणिशीतले लेखनिक, कोठारावरचे हिशेबनीस. मी स्वतः सरकारी कचेरीत कारकुनी करतो, त्यामुळे इतिहासात कुठेही कारकून दिसला की माझे लक्ष आधी त्याच्याकडे जाते. याला पगार किती असेल, घरात खाणारी तोंडे किती असतील आणि महिन्याच्या वीस तारखेनंतर याची बायको डब्यातला तांदूळ कसा पुरवत असेल, असे प्रश्न मला पडतात.

माझ्या एका मावसबहिणीचे सासर वडोद्याचे. तिच्या सासूबाईंकडून मला पहिल्यांदा 'वर्षाचे गहू भरणे' ही गोष्ट नीट कळली. गुजरातेत उन्हाळ्यात नवा गहू बाजारात आला की घरोघर वर्षभराचा गहू एकदम घेतात. तो निवडायचा, ऊन दाखवायचे, मग त्याला एरंडेल तेलाचा हात लावायचा आणि पत्र्याच्या कोठीत भरून ठेवायचा. एरंडेल लावलेल्या गव्हाला कीड लागत नाही. त्याच दिवसांत वर्षाची हळद, मिरची, धने यांची कुटाई होते. गुजरातेतल्या मराठी घरांनी ही रीत केव्हाच आपली केली. हे ऐकताना मला आपल्याकडच्या पुरुमेंताची आठवण झाली. पोर्तुगीज शब्दावरून आलेले हे नाव, पण व्यवहार पक्का आपला. मे महिन्यात पावसाच्या बेगमीसाठी सुकी मासळी, आमसुले, चिंच, मिरच्या, मीठ, कडधान्य भरून ठेवायचे, म्हणजे जुलैच्या धुवाधार पावसात बाजाराचे तोंड पाहावे लागत नाही. वडोदे आणि गोवा या दोन्हीकडच्या बायकांनी एकच गणित मांडले होते : हंगामात घ्यावे, एकदम घ्यावे, स्वस्त घ्यावे.

पण या गणितात एक मेख आहे. एकदम घ्यायला एकदम पैसे लागतात. ज्याची शेती आहे, पेढी आहे, त्याच्या कोठीत गहू भरला जाईल. ज्याला महिन्याच्या महिन्याला मोजका पगार मिळतो त्याने वर्षाच्या गव्हाचे पैसे वैशाखात कुठून आणायचे? तो मग महिन्याला घेतो. ज्याला महिन्याचेही जमत नाही तो रोज पावशेर घेतो, आणि ज्याच्याकडे रोजचेही पैसे नाहीत तो वहीवर लिहून घेतो. जितके थोडे घ्याल तितका भाव जास्त. गरिबाला अन्न महाग पडते ते असे.

वहीवरच्या उधारीचे गणित करून पाहा. वाण्याने उधारीच्या गिऱ्हाइकाला रुपयाच्या मालावर एक आणा चढवला, असे समजू. एक आणा म्हणजे काय मोठे? पण रुपयाला एक आणा म्हणजे शेकडा सव्वासहा, आणि तेही एका महिन्यासाठी. वर्षाला ते शेकडा पंचाहत्तर होते. दरबाराला कर्ज देणाऱ्या सावकारानेही जे व्याज मागताना विचार केला असता, ते डाळ-तांदळाच्या भावात लपवून कारकुनाकडून निमूटपणे वसूल होते. शिवाय उधारीच्या गिऱ्हाइकाला वजनाबद्दल बोलता येत नाही, खड्यांबद्दल बोलता येत नाही, दुसऱ्या दुकानात जाता येत नाही. वाणी मुद्दाम दुष्ट असतो असे मला म्हणायचे नाही. त्यालाही बुडीत खाती असतात आणि ती तो चुकवणाऱ्यांच्या भावात भरून काढतो. दोष आहे तो त्या व्यवहाराच्या बांधणीत.

ही बांधणी बदलण्याचा एक मोठा प्रयत्न वडोद्यातच झाला आणि तो मराठी माणसांनी केला, ही गोष्ट आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे. ५ फेब्रुवारी १८८९ रोजी विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाऊसाहेब कवठेकर यांनी वडोद्यात 'अन्योन्य सहायकारी मंडळी' स्थापन केली. ही भारतातली पहिली सहकारी संस्था मानली जाते. इंग्रज सरकारचा सहकारी पतसंस्थांचा कायदा आला १९०४ साली. म्हणजे कायद्याच्या पंधरा वर्षे आधी, कुठल्याही सरकारी योजनेशिवाय, मध्यमवर्गीय मराठी माणसांनी एकत्र येऊन हे काम सुरू केले. प्रत्येकाने थोडे थोडे पैसे साठवायचे आणि ज्याला गरज पडेल त्याला त्या साठ्यातून माफक व्याजाने द्यायचे.

अन्योन्य मंडळी हे किराण्याचे दुकान नव्हते, ती पैशाची मंडळी होती. मग मी तिला या लेखात का आणली? कारण किराणा महाग होतो तो धान्यामुळे कमी आणि वेळेवर रोख पैसे नसल्यामुळे जास्त. उधारीच्या साखळीतून सुटायचे तर पहिली पायरी रोख पैसा हाती येण्याची. माफक व्याजाचे कर्ज मिळाले तर कारकुनाच्या घरातही वैशाखात गव्हाची कोठी भरता येते. नावातला 'अन्योन्य' हा शब्दही पाहण्यासारखा आहे. वरच्याने खालच्याला द्यायचे ते दान. अन्योन्य म्हणजे आज मी तुला, उद्या तू मला.

ज्या वडोद्यात ही मंडळी निघाली तिथे अवघ्या दहा वर्षांनी छप्पनिया आला. विक्रम संवत १९५६, म्हणजे इसवी सन १८९९-१९००. गुजरातेत आजही दुष्काळ म्हटले की छप्पनियाचे नाव निघते. १८९१ च्या शिरगणतीत वडोदा संस्थानची लोकसंख्या २४ लाखांच्या वर होती. १९०१ साली ती साडेएकोणीस लाखांवर आली. दुष्काळ आणि त्याच्या मागोमाग आलेले रोग, यांनी एका संस्थानात एवढे अंतर पाडले. महाराज सयाजीराव गायकवाडांनी दुष्काळी भागात स्वतः दौरा केला आणि त्यावरच्या त्यांच्या नोंदी १९०१ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाल्या. राजाने गावोगाव जाऊन लोकांच्या घरात काय शिल्लक आहे ते पाहावे, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. पण एवढ्या मोठ्या संकटापुढे एका शहरातली बचतीची मंडळी अपुरी असते हेही खरे. पुढे १९०८ साली त्यांनीच बँक ऑफ बरोडा स्थापन केली.

किराण्याच्या दुकानाचा विचार मात्र इंग्लंडातून आला. तिथे रॉचडेल नावाच्या गिरणीगावात २१ डिसेंबर १८४४ रोजी अठ्ठावीस कामगारांनी प्रत्येकी एक पौंड भांडवल जमवून एक दुकान उघडले. माल काय, तर पीठ, लोणी, साखर, ओटचे भरड पीठ आणि मेणबत्त्या. नियम साधे होते : विक्री रोखीने, वजन चोख, मालात भेसळ नाही, प्रत्येक सभासदाला एक मत आणि वर्षअखेर नफा उरला तर ज्याने जितकी खरेदी केली त्या प्रमाणात त्याला परत. या शेवटच्या नियमात सगळी गंमत आहे. वाण्याच्या दुकानात गिऱ्हाईक जितके जास्त घेईल तितका नफा वाण्याचा. इथे तो नफा फिरून गिऱ्हाइकाच्याच घरी येतो.

आपल्या देशात अशा दुकानाची सुरुवात झाली ती मद्रासच्या ट्रिप्लिकेन भागात, १९०४ साली. तीही मूठभर सुशिक्षित नोकरदारांनी केली. म्हणजे वडोद्यात काय नि मद्रासेत काय, पगारी माणसानेच आधी हालचाल केली. त्याला कारण आहे. शेतकऱ्याकडे धान्य असते, व्यापाऱ्याकडे पैसा असतो, पगारदाराकडे यातले काहीच साठत नाही. पण त्याच्याकडे लिहिण्या-वाचण्याची आणि हिशेब ठेवण्याची सवय असते. सहकारी दुकान चालते ते हिशेबाच्या वहीवर. १९०४ चा कायदा फक्त पतसंस्थांपुरता होता. दुकान, खरेदी-विक्री अशा इतर कामांच्या संस्थांना कायद्यात जागा मिळाली ती १९१२ च्या नव्या कायद्याने.

पुढची गोष्ट मुंबईची. नायगावच्या कामगारवस्तीत १९४८ साली कामगारांची ग्राहक सहकारी संस्था निघाली आणि तिचाच पुढे 'अपना बाजार' झाला. मुंबईत ज्यांचे नातेवाईक आहेत अशा गोवेकरांना हे नाव नवीन नाही. पण त्याच गिरणगावात अशाही बायका होत्या ज्यांच्यापर्यंत हे दुकान पोचत नव्हते. त्या होत्या खाणावळवाल्या. गावी कुटुंब ठेवून आलेले गिरणी कामगार त्यांच्याकडे जेवत आणि पैसे देत ते महिनाअखेर पगार झाल्यावर. बाईने मात्र रोज पहाटे उठून तीस दिवस भाकऱ्या थापायच्या. त्यासाठी धान्य आणायचे ते कोपऱ्यावरच्या वाण्याकडून उधारीवर, तो देईल त्या भावाने आणि तो देईल त्या प्रतीचे. म्हणजे गिरण्यांचा पगार उशिरा होण्याचा भार शेवटी या बाईच्या चुलीवर.

या बायकांना एकत्र आणून १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी 'अन्नपूर्णा महिला मंडळ' उभे केले. प्रेमाताई मूळच्या गोव्याच्या. गोवा मुक्तिलढ्यात त्यांनी भाग घेतला होता आणि मग मुंबईत कामगार चळवळीत आयुष्य घातले. मंडळाने खाणावळवाल्यांचे गट केले, एकमेकींना जामीन ठेवले आणि राष्ट्रीयीकृत बँकांकडून लहान लहान कर्जे मिळवून दिली. हाती रोख आली की बाई घाऊक बाजारात गेली, पोते एकदम घेतले आणि वाण्याची वही बंद झाली. पुढे २००२ साली प्रेमाताईंना पद्मश्री मिळाली. कवठेकरांनी १८८९ साली कारकुनांसाठी जे केले तेच शहाऐंशी वर्षांनी खाणावळवाल्यांसाठी झाले. 'अन्योन्य' हा शब्द त्या बायकांनी कदाचित ऐकलाही नसेल, पण एकमेकींना जामीन राहणे म्हणजे दुसरे काय?

तो काळच भडकलेल्या महागाईचा होता. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्र होरपळला, धान्य, तेल, रॉकेल मिळेना. मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते यांच्या नेतृत्वाखाली निरनिराळ्या पक्षांच्या बायका महागाईविरुद्ध एकत्र आल्या आणि हातात लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. मोर्च्याने सरकार हलते, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा सकाळ होते आणि डाळ विकत आणावीच लागते. त्या डाळीचे काय करायचे, याचे एक उत्तर बिंदुमाधव जोशी यांच्या ग्राहक चळवळीने दिले. पुण्यात १९७४ साली ग्राहक पंचायत निघाली आणि १९७५ च्या गुढीपाडव्याला मुंबई ग्राहक पंचायत.

मुंबई ग्राहक पंचायतीची वाटपाची पद्धत मला या सगळ्या इतिहासातली सर्वांत साधी आणि हुशार गोष्ट वाटते. तिने दुकानच काढले नाही. शेजारपाजारच्या कुटुंबांनी मिळून एक संघ करायचा. प्रत्येक घराने पुढच्या महिन्याची यादी आधी भरून द्यायची आणि पैसेही आधी. सगळ्या संघांच्या याद्यांची बेरीज करून पंचायत घाऊक खरेदी करणार. ठरलेल्या दिवशी माल संघाच्या ठिकाणी येणार, आणि तिथे सभासदच तो उतरवून आपापसांत वाटून घेणार. दुकानाचे भाडे नाही, काउंटरवर पगारी माणूस नाही, न खपलेला माल नाही, उधारी नाही. वाचलेला प्रत्येक पैसा भावात उतरतो. ज्या घराला एकट्याने पोते घेणे परवडत नाही, ते वीस घरांबरोबर मिळून पोत्याच्या भावाने पाच किलो घेते. पोळीतल्या पेढीवाल्याचा जो फायदा होता, एकदम घेण्याचा, तो इथे दोन खोल्यांतल्या माणसाला मिळाला.

यात फुकट काही नाही हेही लक्षात घ्यावे. किंमत मोजायची ती पैशाऐवजी वेळेने. रविवारी सकाळी कुणीतरी तराजू घेऊन बसावे लागते, कुणीतरी हिशेब लिहावा लागतो, कुणाची साखर पावशेर कमी आली तर ती कुठे गेली ते शोधावे लागते. हे काम बहुतेक बायकांनी केले, आणि त्याची नोंद कुठल्या ताळेबंदात होत नाही.

सहकाराची दुसरी बाजू सांगितली नाही तर लेख खोटा होईल. ज्या अन्योन्य मंडळीचा मी एवढा अभिमानाने उल्लेख केला, तिची पुढे सहकारी बँक झाली, आणि एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ती अडचणीत येऊन शेवटी बंद पडली. शंभर वर्षे ओलांडलेली संस्था! देशभर सरकारी मदतीने निघालेली कितीतरी ग्राहक भांडारेही अशीच गेली. १९६२ च्या चीन युद्धानंतर सरकारने ती मोठ्या संख्येने सुरू केली होती. माझ्या मते कारण एकच. सभासद जोवर वही उघडून पाहतो तोवर संस्था त्याची असते. तो नुसता गिऱ्हाईक झाला, ठेवीदार झाला, की ती संचालकांची होते. तराजू धरायला रविवारी कोणी येईनासे झाले की उरते ते फक्त दुकान, आणि दुकान चालवायला वाणी अधिक तरबेज असतो.

मग सरकार आहेच ना, असे कोणी म्हणेल. आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने पात्र कुटुंबातल्या माणशी महिन्याला पाच किलो धान्य हक्काने मिळते, आणि २०२३ पासून ते मोफत आहे. ही मोठी गोष्ट आहे आणि तिची टिंगल करणाऱ्यांनी छप्पनियाचे आकडे पुन्हा वाचावेत. पण नुसत्या तांदूळ-गव्हावर घर चालत नाही. डाळ, तेल, नारळ, भाजी हे सगळे उरतेच, आणि रेशनकार्डाच्या पात्रतेत न बसणारा छोटा पगारदारही उरतो.

आपल्या गोव्यात या बाबतीत अगदीच अंधार नाही. सुपारी-नारळवाल्या बागायतदारांच्या विक्रीसाठी निघालेल्या गोवा बागायतदार संस्थेचे बाजार आज आपल्या रोजच्या किराण्याची ठिकाणे झाले आहेत. फलोत्पादन महामंडळाच्या गाड्यांवर अनुदानाच्या दराने भाजी मिळते आणि चतुर्थीच्या आधी तिथे जी रांग लागते ती पाहिली की लोकांना तिची किती गरज आहे ते कळते. पण या दोन्ही ठिकाणी आपण गिऱ्हाईक म्हणून जातो. पिशवी भरतो, पैसे देतो, निघतो. बागायतदारच्या सर्वसाधारण सभेला आपल्यापैकी किती सभासद जातात? अहवाल घरी आला तर किती जण उघडतात?

एके काळी पुरुमेंतही एकट्याने होत नसे. वाड्यावरच्या चार घरच्या बायका मिळून मिरच्या आणत, एकीच्या अंगणात त्या सुकत आणि राखणीला दुसरीची मुले बसत. आता मुलांच्या शाळा, नोकऱ्या, बंद फ्लॅट यांमुळे ते मोडले आणि मोबाइलवर दहा मिनिटांत पावशेर मिरची घरी येऊ लागली. सोय आहे, नाकारत नाही. पण ती पावशेराचीच सोय आहे, पावशेराच्याच भावाने. वाण्याच्या वहीची जागा आता हप्त्यांनी आणि 'पैसे नंतर द्या' अशा योजनांनी घेतली आहे. चढवलेला आणा आता दिसतही नाही, एवढाच फरक.

घडियाळी पोळीतले सराफ श्रीमंत झाले कारण त्यांच्याकडे एकरकमी पैसा होता. कवठेकरांच्या मंडळीने, रॉचडेलच्या कामगारांनी, गिरणगावच्या खाणावळवाल्यांनी आणि ग्राहक पंचायतीच्या संघांनी एवढेच दाखवून दिले की एकरकमी पैसा हा एका माणसाचाच असावा लागतो असे नाही. वीस घरांच्या चिल्लरीचीही रक्कम होते. आपल्या इमारतीत वीस घरे असतात, आणि गणपतीची वर्गणी आपण दरवर्षी न चुकता गोळा करतो. त्याच यादीवर एकदा तांदळाचे पोतेही लिहून पाहायला हरकत नसावी.